दहावा माणूस

अमेरिकेतल्या किंवा इस्रायलमधल्या एखाद्या ज्यू तरुणमंडळाने पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींचा मेळा घेऊन मुंबईस उतरावे, सकाळच्या प्रहरी काही समाजसेवा करावी, दुपारनंतर लेणी, किल्ले आणि बाजार पाहावेत आणि पंधरवड्याने परत जावे, अशा सहलींची कल्पना आता नवलाची राहिलेली नाही. ज्या किनाऱ्यावर, बेने इस्रायल या कोकणातल्या ज्यू समाजाच्या परंपरेप्रमाणे, त्यांचे पूर्वज गलबत फुटून अवघी सात जोडपी एवढेच उरले आणि नवगावला लागले, आणि जेथे त्यांच्या वंशजांनी पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवीत असता शनिवारचा दिवस मात्र बैल सोडून ठेवल्यामुळे ‘शनवार तेली’ हे नाव मिळवले, त्या किनाऱ्यावर अशा पाहुण्यांचे अगत्यपूर्वक स्वागत व्हावे याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. दुमत आहे ते त्यांच्या वेळापत्रकाविषयी. ते बहुधा सातासमुद्रापलीकडच्या एखाद्या कचेरीत, पालकांच्या समाधानासाठी आणि मुलांच्या पुढील विद्यापीठ-प्रवेशाच्या अर्जात सेवेचे तास दाखवता यावेत म्हणून आखले जाते, आणि ज्यांची सेवा व्हावयाची त्यांना ते मुक्कामाच्या दिवशी वाचावयास मिळते. माझे म्हणणे इतकेच की अशा सहलीतील सेवेचा रकाना यजमानाने भरावा. आणि कोकणात तो खरोखरच यजमानाच्या हाती दिला, तर त्यात शाळेची भिंत रंगवण्याचे कलम क्वचितच येईल.

या तरुणमंडळांची परंपरा लहान नाही आणि थट्टेवारी नेण्यासारखीही नाही. 1924 साली नेब्रास्का प्रांतातल्या ओमाहा शहरी ज्यू मुलग्यांचे जे मंडळ निघाले आणि ज्यातून पुढे बी.बी.वाय.ओ. ही विस्तीर्ण संघटना वाढली, तिचा कारभार मुलांनीच पाहावा, अध्यक्ष त्यांच्यातलाच असावा, अशी वहिवाट पडली. आणि तेराव्या वर्षी ज्याला धर्माच्या दृष्टीने जबाबदार मानले जाते त्या मुलाला आपल्या जमाखर्चाची आणि आपल्या शेजाऱ्याची जबाबदारी कळली पाहिजे, ही त्या धर्मातली जुनी शिकवण तिच्यामागे उभी होती. बाराव्या शतकातला महापंडित मोशे बेन मैमोन, ज्याला युरोप मैमोनिदेस म्हणून ओळखतो आणि ज्याचा धाकटा भाऊ हिंदुस्थानच्या व्यापारासाठी निघून आपल्याच समुद्रात बुडाला, त्याने दानधर्माच्या आठ पायऱ्या सांगून ठेवल्या आहेत. त्यांत सर्वांत खाली तो दाता आहे जो कुरकुरत देतो. बऱ्याच वर तो, ज्याला घेणारा ठाऊक नाही आणि घेणाऱ्याला जो ठाऊक नाही. आणि अगदी शिखरावर तो, जो गरजूला काम, कर्ज किंवा भागी देऊन पुन्हा हात पसरण्याची वेळच त्याच्यावर येऊ देत नाही. मंडळाचे नाव छापलेला सदरा घालून, झोपडपट्टीतल्या पोराला कडेवर घेऊन छायाचित्र काढून घेणारा सद्‌हेतू तरुण या आठांपैकी कोणत्या पायरीवर उभा आहे, हे त्याच्या मार्गदर्शकांनी त्याला सहलीपूर्वीच विचारले, तर पुढच्या पुष्कळशा तजविजी आपोआप बदलतील.

नेपाळात आणि कंबोडियात परदेशी स्वयंसेवकांच्या ओघामुळे अनाथालये वाढली, आणि त्यांतल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा बाप यांपैकी कोणी ना कोणी हयात असल्याचे पुढे उघडकीस आले, ही हकिकत आता सर्वश्रुत आहे. पाहुण्यांची करुणा हीच जेथे मिळकत होते तेथे करुणेचे विषयही पैदा केले जातात. कोकणात अद्याप हा व्यवहार नाही, आणि तो येऊ नये. दर पंधरा दिवसांनी नवी ताई आणि नवा दादा मिळणाऱ्या आणि तितक्याच वेळा गमावणाऱ्या मुलांच्या मनाचे काय होते, याचा विचार ज्यांना आपल्या घरच्या मुलांसाठी सहज सुचला असता, त्यांना तो परक्या मुलांसाठीही सुचावयास हरकत नसावी. ठाण्याजवळच्या कळव्याच्या वस्त्यांत 2012 पासून गॅब्रिएल प्रोजेक्ट मुंबई या नावाने ज्यू स्वयंसेवकांचा जो उपक्रम उभा राहिला, त्यात अभ्यासवर्गाला येणाऱ्या मुलांच्या जेवणाची जोड शिक्षणाला दिलेली होती. अशा ठिकाणी सोळा वर्षांच्या मुलाने जाऊ नये असे मी म्हणत नाही. जावे, पण बारमाही राबणाऱ्या माणसांच्या हाताखाली, पाणी भरण्याच्या आणि भांडी घासण्याच्या कामावर जावे, आणि शिकवण्याची ऊर्मी काही काळ खिशात ठेवावी. बाबा आमट्यांच्या सोमनाथच्या छावणीत जाऊन आलेल्या महाराष्ट्रीय तरुणांना हा धडा निराळा सांगावा लागत नाही. ज्यांना समाजाने टाकले होते त्यांनीच उठवलेल्या शेतात जाऊन कुदळ कशी धरावी हे शिकून परत येणे, हाच त्या छावणीतला लाभ होता, आणि तेथे कोण कोणावर उपकार करतो आहे याचा भ्रम पहिल्या उन्हातच उतरत असे.

तर मग या मुलांनी कोकणात करावे तरी काय? ज्या गोष्टी त्यांना खरोखर येतात आणि ज्या येथे खरोखर हव्या आहेत, त्यांचा मेळ घातला तर उत्तर अनपेक्षित निघते. त्यांतली पहिली गोष्ट म्हणजे नुसती हजेरी. ज्यू धर्मात काही प्रार्थना एकट्याने म्हणता येत नाहीत. तेरा वर्षांवरील दहा माणसे जमली, म्हणजे ज्याला ‘मिन्यान’ म्हणतात तो भरला, तरच तोरा या धर्मग्रंथाची गुंडाळी पेटीतून काढून समाजासमोर वाचता येते, आणि तरच मृतांच्या स्मरणार्थ म्हणावयाचा ‘कद्दीश’ उच्चारता येतो. स्वातंत्र्याच्या सुमारास बेने इस्रायल समाज सुमारे वीस हजारांचा होता. पुढे लोद, अश्दोद, दिमोना, बीरशेबा या गावांकडे घरेच्या घरे निघून गेली आणि आज साऱ्या भारतात त्यांची संख्या चार-पाच हजारांच्या घरात, तीही मुख्यतः मुंबई-ठाण्याकडे एकवटलेली आहे. अलिबागेतल्या इस्रायल आळीत 1848 साली स्थापन झालेले आणि 1910 साली पुन्हा बांधलेले मागेन आबोथ सिनेगॉग सुस्थितीत आहे, दिवे आहेत, गुंडाळ्या आहेत, बाके आहेत. उणीव आहे ती दहाव्या माणसाची. बापाच्या पुण्यतिथीस आपल्याच गावात कद्दीश म्हणता यावा अशी ज्या वृद्ध गृहस्थाची इच्छा असेल, त्याच्या दृष्टीने न्यूजर्सीहून आलेली सोळा वर्षांची बारा पोरे, मग त्यांना मराठीचे अक्षर येत नसो आणि त्यांच्या प्रार्थनेच्या चाली कितीही निराळ्या असोत, ही कोणत्याही देणगीपेक्षा मोठी वस्तू आहे. एक बुधवार मुक्काम वाढवून गुरुवारच्या सकाळच्या प्रार्थनेला (सोमवारी व गुरुवारीही तोरा वाचतात) रेवदंड्यास किंवा पेणेस जाणे, हे त्यांच्या वेळापत्रकात ‘सेवा’ या सदराखाली बसेल की ‘स्थलदर्शन’ या सदराखाली, हे मला सांगता येणार नाही.

येथे एक अडचण आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच पंथांत मुलींनाही दहांमध्ये मोजतात. कोकणातल्या सिनेगॉगांची जुनी चाल पुरुषांनाच मोजण्याची आहे. ज्या मंडळातल्या मुली घरी स्वतः तोरा वाचतात, त्यांना अलिबागेच्या पायरीवर येऊन हे प्रथम कळावे, आणि तेथेच वादाला तोंड फुटावे, यासारखी अजागळ तजवीज दुसरी नसेल. निघण्यापूर्वीच त्यांना सांगावे. यजमानांची चाल यजमानांच्या घरी पाळावयाची की नाही याचा निर्णय त्या मुलींनीच करावा. आणि त्यांना हेही सांगावे की याच समाजातल्या डॉ. जेरुशा झिराड यांनी 1925 साली मुंबईत उदारमतवादी ज्यू प्रार्थनासमाजाच्या स्थापनेत पुढाकार घेतला होता, कामा इस्पितळाचा कारभार 1928 पासून 1947 पर्यंत सांभाळला होता, आणि 1966 साली त्यांना पद्मश्री मिळाली होती. मुंबईच्या मुक्कामात कामा इस्पितळाच्या दगडी इमारतीसमोर पाच मिनिटे उभे राहण्यास तिकीट पडत नाही.

दुसरी गोष्ट स्मशानभूमीची. नवगावास आणि कोकणातल्या इतर अनेक गावी बेने इस्रायलांच्या कबरी आहेत. जुन्या कबरींवर अक्षरच नाही, आणि अलीकडच्या शे-दीडशे वर्षांतल्या पुष्कळ शिळांवर हिब्रू आणि मराठी असे दोन्ही लेख शेजारी शेजारी कोरलेले आहेत. पावसाने, शेवाळाने आणि खाऱ्या वाऱ्याने ते झिजत चालले आहेत. आता, हिब्रू अक्षरे वाचणे, आणि ज्या अक्षरांनीच वर्षाचा आकडा लिहिला जातो त्यांवरून इसवी सन काढणे, ही विद्या या परदेशी मुलांना बालपणापासून येते; देवनागरी वाचणे मुंबई-ठाण्यातल्या ज्यू मुलांना येते. दोघांची जोडी एकेका शिळेपाशी बसवावी, एकाने उजवीकडून वाचावे, दुसऱ्याने डावीकडून, लेख वहीत उतरवावा, छायाचित्र घ्यावे, जागेचा नकाशा काढावा, आणि पूर्ण झालेल्या दप्तराची एक प्रत सिनेगॉगच्या विश्वस्तांकडे आणि दुसरी जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवावी. पेणकर, रोहेकर, दिवेकर, नागावकर, केहिमकर ही गावांवरून पडलेली आडनावे घेऊन इस्रायलमध्ये वाढणाऱ्या तिसऱ्या पिढीतला एखादा मुलगा त्याच तुकडीत असेल, तर पणजोबाच्या शिळेपाशी त्याला कोणी व्याख्यान देण्याची गरज पडणार नाही. हे काम पंधरवड्यात बसते, त्याला मजुराची भाकरी हिरावून घ्यावी लागत नाही, आणि मुले निघून गेल्यावर मागे काही उरते; अशा तीन कसोट्यांना उतरणारी कामे फार नाहीत.

मात्र त्याचाही तपशील नीट पाहिला पाहिजे. उत्साहाच्या भरात तारेचा ब्रश आणि तेजाब घेऊन शिळा घासणारा स्वयंसेवक पन्नास पावसाळ्यांनी केले नाही ते एका सकाळी करतो. साधे पाणी आणि मऊ कुंचला यापलीकडे मुलांच्या हाती काही देऊ नये. शिवाय कोहेन म्हणजे पुरोहितकुळातल्या पुरुषांना स्मशानात पाऊल टाकण्याची धर्माने मनाई आहे. बेने इस्रायलांत परंपरेने ही कुळे नसल्यामुळे स्थानिक यजमानाला त्याची आठवण होईलच असे नाही, आणि पाहुण्यांच्या तुकडीत तर असे दोन-तीन मुलगे हटकून निघतात. त्यांना कुंपणाबाहेर झाडाखाली वह्या देऊन बसवावे आणि आतून आलेल्या मजकुराची त्यांनी नोंद करावी, म्हणजे कोणास ओशाळे होण्याचे कारण नाही.

शनिवारच्या व्रताचा बंदोबस्त हा आयोजकांच्या अकलेचा खरा कस आहे. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत धर्मनिष्ठ ज्यू वाहनात बसत नाही. आणि शुक्रवारी दुपारी मुंबईहून निघणाऱ्या मोटारीला वडखळच्या नाक्यावर किती वेळ लागेल हे सांगण्याची हिंमत ज्योतिषीही करणार नाही. म्हणून गुरुवारीच अलिबागेस पोहोचावे, सिनेगॉगपासून पायी चालण्याच्या अंतरावर उतरावे, आणि शनिवारचा दिवस रिकामा ठेवावा. त्या दिवशी काही पाहावयाचे नाही, काही करावयाचे नाही, ही गोष्ट तीस तरुणांना एका समुद्रकाठच्या गावात अनुभवू देणे हाही सहलीचाच भाग आहे. द्राक्षासवाऐवजी भिजवलेल्या काळ्या मनुकांचे सरबत घेऊन आशीर्वाद म्हणण्याची बेने इस्रायल घरांतली रीत त्यांनी तेथेच पाहावी. जेवणाची चिंता परदेशी आयोजकांना वाटते तेवढी अवघड नाही: पापलेट, सुरमई, रावस यांना खवले आणि पर दोन्ही असल्यामुळे ती चालतात, कोळंबी, खेकडे आणि तिसऱ्या चालत नाहीत, आणि मांसाबरोबर दूध वर्ज्य असल्यामुळे कोकणच्या या समाजाने मटणाच्या रश्शात नारळाचे दूध घालून जी सोय करून घेतली, तिची चव ज्याने घेतली आहे त्याला नियमाची जाचकता सांगण्याचे धाडस होणार नाही. पोहे, गूळ, ओले खोबरे आणि फळे यांचा ‘मलिदा’ एलियाहू हनाबीच्या नावाने होतो. त्या संदेष्ट्याचा रथ जेथून आकाशात गेला असे हा समाज मानतो, ते खंडाळे गावानजीकचे ‘टापा’ नावाचे खडकाचे ठिकाण अलिबागेहून फार दूर नाही.

ऋतूचा प्रश्न मात्र खरोखर बिकट आहे. परदेशी शाळांची मोठी सुट्टी म्हणजे आपला भर पावसाळा. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचा त्या दिवसांत बंद, कबरस्तानात गुडघाभर गवत, आणि शिळा वाचणे तर दूरच. त्यात जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन बहुधा याच सुमारास येतो, आणि त्याआधीचे नऊ दिवस मांस वर्ज्य असते. कोकणातल्या ज्यूंनी त्या उपासाला ‘बिरड्याचा सण’ असे नाव दिले आहे, कारण उपास सुटतो तो वालाच्या बिरड्याने; पावसाळ्यात यावयाचेच असेल तर तो दिवस साधून यावे आणि अभ्यासाची कामे छपराखाली घ्यावीत. डिसेंबरची सुट्टी सर्वथा चांगली, पण त्या पंधरवड्यात अलिबागेच्या खोल्यांचे भाव पाहून खजिनदाराने दोन दिवस अन्न सोडावे अशी स्थिती असते. जानेवारीचा उत्तरार्ध मिळवता आला तर उत्तम.

आणि स्थलदर्शनाविषयी क्षमायाचनेचा सूर कशासाठी? सेवेच्या पत्रकात भ्रमंतीचा भाग असा काही कोपऱ्यात छापलेला असतो की जणू तो मुलांना दिलेला खाऊच आहे. वास्तविक ज्याने देश डोळे उघडून पाहिला नाही त्याची सेवाही आंधळीच असते. भरतीची वेळ पाहून ओहोटीला कुलाबा किल्ल्यात पायी जावे. आंग्र्यांच्या आरमारात बेने इस्रायल कुटुंबांतल्या माणसांनी चाकरी केल्याचे हाईम सॅम्युएल केहिमकरांनी आपल्या इतिहासात नोंदवले आहे, ते त्या तटावर बसून वाचावे. कोर्लईच्या पायथ्याशी पोर्तुगीज अमदानीतून उरलेली एक मिश्र भाषा आजही थोडे लोक बोलतात. मावळत्या भाषेविषयी ज्यांच्या आजोबांच्या घरी यिद्दिशच्या निमित्ताने पुष्कळ बोलले गेले असेल, त्या मुलांना तेथे अर्धा दिवस थोडाच वाटेल. मुंबईत कान्हेरीची लेणी पाहावीत, आणि मशीद बंदराकडच्या गल्लीत, टिपूच्या कैदेतून सुटून आलेल्या समाजी हसाजी दिवेकर या सुभेदाराने 1796 साली बांधलेले शहरातले सर्वांत जुने सिनेगॉगही पाहावे. ससून घराण्याच्या इमारतींची सरबत्ती मात्र आवरती घ्यावी. भायखळा, कोट, ससून डॉक आणि पुण्याचे लाल देऊळ एका दमात दाखवले की मुलांच्या लक्षात फक्त दाता राहतो. त्यापेक्षा माझगावच्या सर एली कदुरी शाळेत एक सकाळ घालवावी. केहिमकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1875 साली बेने इस्रायल मुलांसाठी ही शाळा काढली. आज तेथील बहुसंख्य विद्यार्थी मुसलमान आहेत. तेथे शिकवावयास न जाता, व्यवस्थापकांची परवानगी असेल तर, मागच्या बाकावर बसावयास जावे, आणि मधल्या सुट्टीत त्या मुलांनी मैदानावर बोलावले तर खेळावे. वृत्तपत्रांतून ज्या दोन समाजांची नावे केवळ वैराच्या वाक्यात जोडलेली वाचली, ती एका शाळेच्या दारावर आणि हजेरीपटावर कशी नांदतात, हे सांगण्यासाठी वेगळी परिषद भरवावी लागत नाही.

परवान्यांची बाब मी थोडक्यात उरकतो. 2008 च्या नोव्हेंबरातल्या दहशतवादी हल्ल्यात मुंबईतल्या नरिमन हाऊस या ज्यू केंद्रात सहा जीव गेले, तेव्हापासून सिनेगॉगांवर पहारा असतो आणि अचानक आलेल्या मेळ्याला दार उघडत नाही, हे योग्यच आहे. पारपत्रांची यादी आधी धाडावी. परदेशी पाहुणा घरी उतरला तरी चोवीस तासांत त्याची सरकारदरबारी नोंद करण्याची जबाबदारी यजमानाची असते, तेव्हा ज्या म्हाताऱ्या दांपत्याकडे मुले राहावयाची त्यांच्यावर ही धावपळ न टाकता आयोजकाच्या माणसाने ती करावी. पर्यटक-परवान्यावर कोणते विनामोबदला काम आणि किती मुदत चालते याची लेखी खात्री दूतावासाकडून घ्यावी. आणि पालकांकडून घेतलेल्या रकमेपैकी किती हिस्सा विमानकंपनीला, किती हॉटेलाला आणि किती यजमान समाजाला पोहोचला, याची फर्द पालकांना आणि यजमानांना सारखीच दाखवावी. ज्या आयोजकाला ती दाखवणे जड जाते त्याच्याबरोबर मूल पाठवू नये.

राहता राहिला तो पहिल्या पत्राचा प्रश्न. हे पत्र सहलीची जाहिरात छापण्यापूर्वी आठ-दहा महिने सिनेगॉगच्या विश्वस्तांना, स्थानिक ज्यू तरुणांच्या मंडळाला आणि जेथे काम करावयाचे त्या संस्थेला जावे, आणि त्यात ‘आम्ही अमुक करू इच्छितो’ असे न लिहिता, आमच्याकडे इतकी मुले आहेत, त्यांना इतके येते, इतके येत नाही, तुम्हांला यातले काय हवे, एवढेच विचारावे. उत्तर आले की आम्हांला एका शनिवारी मिन्यान हवा, कबरस्तानाचा नकाशा हवा, आणि आमच्या चार मुलांना तुमच्याबरोबर किल्ला पाहावयास न्या, तर तेवढेच करावे. आणि असेही होऊ शकते की कोकणी मराठीत सुबकपणे उत्तर येईल: बाबांनो, कामबिम काही नाही, दोन दिवस जेवावयास या. आयोजकांनी तेही मुकाट्याने मान्य करावे, आणि सेवेच्या तासांच्या रकान्यात त्या दोन दिवसांपुढे शून्य लिहावे.